गजाननची डबी आणि देशभर वाजलेला भोंगा

किस्से कापसासारखे असतात. वेचताना एका झाडावर एकच बोंड हाती लागतं, आणि दिवस कलल्यावर पाहावं तर गाठोडं उचलत नाही. माझ्याकडे अशी गाठोडी फार साचली आहेत, कारण माझं कामच लिहिण्याचं आहे.

मी तेहतीस केव्हीच्या एका वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे. लोक ऑपरेटर म्हणतात. बाभुळगाव तालुक्यात, गावाबाहेर, एका अंगाला कपाशी आणि दुसऱ्या अंगाला तूर अशी आमची जागा. दर तासाला लॉगशीटवर व्होल्टेज लिहायचं, लोड लिहायचं. शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो, दोन बोटं रुंद. त्यात ‘तार तुटली’ एवढं मावतं. तार तुटल्यावर लोक काय बोलले ते मावत नाही. म्हणून घरी वेगळी वही ठेवली. आयटीआयनंतर शाळा सुटली, लिहिणं सुटलं नाही.

या वहीत एरवी एका दिवसाला अर्धं पान पुरतं. पण देशभरातल्या मोबाईलवर संकटाच्या सूचनेची चाचणी झाली, त्या दिवसाला अकरा पानं लागली! त्यातलं निवडक सांगतो. पण आधी गजाननची डबी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

*

गजानन आमचा लाइनमन. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पंचेचाळिशीचा. खांबावर चढायचं असेल तर तो आधी माझ्याकडून परमिट घेतो. म्हणजे मी ती लाईन बंद करतो, हँडलला कुलूप लावतो, ‘माणसे काम करत आहेत’ अशी पाटी टांगतो आणि कागद सही करून देतो. तो खाली उतरून कागद परत देईपर्यंत लाईन सुरू करायची नाही. हा खात्याचा नियम.

गजाननचा स्वतःचा आणखी एक नियम आहे. त्याची तंबाखूची डबी. स्टीलची, एका टोकाला तंबाखू, दुसऱ्या टोकाला चुना. चढायला जाताना ती माझ्या लॉगशीटवर ठेवतो, तीसुद्धा बरोबर ‘शेरा’वर, म्हणजे माझ्या रीडिंगला अडचण नको. "भाऊ, डबी हाय तवरक मी वर हाय," एवढंच म्हणतो. त्याने स्वतः येऊन डबी उचलली, की मी लाईन घेणार, म्हणजे सुरू करणार. बारा वर्षं असंच चाललं.

एकदा त्याने परमिट परत दिलं आणि डबी विसरून जेवायला घरी गेला. कागद हातात होता, नियमाने लाईन घेता आली असती. मी घेतली नाही. माणूस पाठवला. गजानन भाकर सोडून हात न धुता आला आणि डबी उचलली. तोवर गावची पिठाची चक्की पाऊण तास बंद. सरपंच दारात येऊन ओरडले, "एका मानसाच्या खर्र्यासाठी अख्खं गाव बंद ठेवता का हो तुमी?"

गजानन म्हणाला, "खर्र्यासाठी नाही सरपंच. मानसासाठी."

*

आता तो दिवस. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आमच्या तरुण इंजिनिअर साहेबांनी खात्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला : आज मोबाईलवर मोठा आवाज होईल, फोन थरथरेल, ही फक्त चाचणी आहे, घाबरू नये, सर्वांनी नोंद घ्यावी. तेवीस जणांनी अंगठे टाकले. त्यात माझाही एक.

अकरा वाजता शेतीच्या लाईनचं परमिट घेऊन गजानन आणि त्याचा जोडीदार शेषराव तांड्याकडच्या खांबावर फुटका इन्सुलेटर बदलायला गेले. डबी ‘शेरा’वर होती.

अकरा अठ्ठेचाळीसला भोंगा वाजला!

आमच्या पॅनलला भोंगा असतो. लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की तो बोंबलतो. मी उठलो, आवाज बंद करायचं बटण दाबलं. आवाज बंद होईना. दिवे पाहिले, सगळे जागेवर. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा अंगठ्याने जोर लावून दाबलं. मग लक्षात आलं की आवाज पॅनलमधून येत नाही, टेबलाच्या खणातून येतो आहे. खणात माझा मोबाईल आणि ऑफिसचा मोबाईल, दोन्ही एकसुरात कोकलत होते.

पण तोवर सवयीने हात चालला होता. लॉगशीटवर मी लिहून चुकलो होतो : ‘११.४८ भोंगा वाजला. कारण समजले नाही.’ लॉगमध्ये खाडाखोड चालत नाही. चूक असेल तर शेजारी लाल शाईने खुलासा करून सही करायची. मी लाल पेन घेतला आणि लिहिलं : ‘भोंगा पॅनलचा नव्हे, मोबाईलचा. बटण चुकून तीन वेळा दाबले.’ आणि सही केली.

अंगठा टाकणाऱ्या तेवीस जणांपैकी मी एक, आणि माझी ही गत!

*

शाई वाळायच्या आत ऑफिसचा मोबाईल वाजला. या वेळी खरा. इंजिनिअर साहेब.

"काय ट्रिप झालं?"

"काहीच नाही सर."

"असं कसं? माझ्या फोनवर अलार्म आला! सगळ्या लाईनचं लोड सांगा!"

मी सांगितलं. शेतीची परमिटवर बंद, बाकीच्या सुरू. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "मी सकाळी एक मेसेज टाकला होता, तो वाचला का तुम्ही?"

"वाचला सर. अंगठाही टाकला."

"हं." मग साहेब म्हणाले, "मी नुसताच फॉरवर्ड केला होता हो."

*

त्यांचा फोन ठेवतो तोच गजाननचा आला. खांबावरून!

"भाऊ, लाईन कोनं घेतली?"

"कोणीच नाही. बंद आहे."

"मंग मले झटका काहून लागला?"

"गजानन, डबी माझ्या डोळ्यांपुढे आहे."

"डबी राहू द्या! छातीपासून बोटापर्यंत झिनझिनी आली माह्या. तारीले हात लावला आन् आली!"

"फोन कुठे होता तुझा?"

"खिशात होता. त्याचा काय संबंध?" आणि फोन कट.

खाली काय घडलं ते शेषरावने मागून सांगितलं. शेषराव बावन्न वर्षांचा, खांबाखाली दोर धरून उभा. वरून गजानन ओरडला, "लाईन आली बे!" त्याच क्षणी शेषरावच्या पॅन्टच्या खिशातला मोबाईल थरथरून बोंबलला. त्याने दोर फेकला, "मलेई लागली!" म्हणून तुरीत उडी घेतली आणि तिथेच मान खाली घालून बसला.

मी म्हणालो, "शेषराव, तू जमिनीवर होतास. तारेपासून पंचवीस फूट लांब. तुला कशी लागेल?"

"तेच तं म्हनून राह्यलो साहेब! रबरी बूट घालून, जमिनीवर उभा राहून मले एवढी लागली, तं वर त्याले किती लागली असन, इचार करा!"

गजाननला साक्षीदार मिळाला. तासाभराने तो आत आला. घामाने ओला होता. मी मोबाईलवरचा मेसेज उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने पाहिला नाही. परमिटचा कागद टेबलावर ठेवला आणि डबी उचलली.

"घ्या परमिट, ऑपरेटर साहेब."

बारा वर्षांत पहिल्यांदा मी ‘भाऊ’चा ‘ऑपरेटर साहेब’ झालो.

*

गजाननचं दुखणं पुढे येतंच. तोवर गावाचं ऐका. आमच्या गावात एक समजूत आहे. घरात काहीही बिघडलं, तरी आधी उपकेंद्राला फोन करायचा. त्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांत एकवीस फोन आले. कोणी म्हणे, "व्होल्टेज कमी करा, मोबाईल फुटते आता!" कोणी म्हणे, "दोन फेजच येऊन राह्यल्या वाटते."

त्यात चक्कीवाले भीमराव. मोबाईल ओरडताच त्यांनी झपकन मेन स्विच पाडला. चक्की थांबली. दळणाला आलेल्या बायांचे मोबाईल मात्र ओरडतच होते.

"साहेब, मेन बंद केला तरी मोबाईल चालूच हाय!"

"भीमराव, मोबाईल बॅटरीवर चालतो."

पलीकडे त्यांनी हे बायांना मोठ्याने सांगितलं. मग म्हणाले, "मंग मेन चालू करू का?"

"करा."

"तुमच्या जबाबदारीवर करून राह्यलो. बाया साक्षीले हायत."

*

तांड्यावरच्या रामधनने नुकताच विहिरीवर मोबाईलवाला स्टार्टर बसवला होता. त्यात सिमकार्ड असतं. घरून फोन केला की शेतातली मोटर सुरू होते, आणि मोटरीचं काही बिघडलं तर ती मालकाला फोन करते. असा स्टार्टर तांड्यावर पहिलाच, त्यामुळे रामधनचा भाव वधारलेला.

तो जेवायला बसला होता. मोबाईल कधी नव्हे असा किंचाळला. रामधनच्या मनात एकच आलं, मोटर जळाली! तो ताटावरून उठला आणि विहिरीकडे धावत सुटला. त्याची याडी, म्हणजे आई, मागून ओरडली, "अरे, हात तं धू!" तिच्यामागे भाऊ, भावामागे शेजारी, कोणाच्या हातात बादली, कोणाच्या हातात घागर. एक किलोमीटर!

विहिरीवर सगळं शांत. मोटर थंड. मोटरीवर एक सरडा ऊन खात बसलेला.

रामधनने दम खात शेजाऱ्यांना विचारलं, "तुमी काहून पळाले बे?"

"तू पळून राह्यला म्हून."

"तुमचे फोन नाही वाजले?"

"वाजले न! आमाले वाटलं, तुह्या मोटरीनं सगळ्याइले फोन केला!"

तिथूनच त्याने मला फोन लावला. मी म्हटलं, "रामधन, शेतीची लाईन अकरापासून बंद आहे. लाईनच नाही तर मोटर जळेल कशी?"

"साहेब," रामधन म्हणाला, "हे पळायच्या आंधी सांगा लागते."

*

दुपारी गावातले पंजाबराव आले. डावा हात गळ्यात बांधलेला. आल्या आल्या म्हणाले, "तुमच्यावर तक्रार करायची हाय. कोनाकडे करू?"

"माझ्यावर? काय झालं?"

दोन महिन्यांपूर्वी मी गावातल्या बायांच्या बचतगटात विजेपासून बचाव कसा करायचा यावर बोललो होतो. तीन वेळा बजावलं होतं : कोणाला करंट लागला तर त्याला हात लावू नका, कोरड्या लाकडाने दूर सारा. पंजाबरावांच्या घरच्या सुमनबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

तर त्या दिवशी पंजाबराव मोबाईल चार्जिंगवर ठेवूनच बोलत होते. वायर भिंतीला, मोबाईल कानाला. इतक्यात तो थरथरला आणि किंचाळला. पंजाबरावही दचकून थरथरले आणि किंचाळले. सुमनबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं : नवरा कापतो आहे, हातात वायर आहे, तोंडातून शब्द फुटत नाही. बाईंनी सरपणातली जाडजूड पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळकं खोड, ओढली आणि नवऱ्याच्या हातावर सपकन हाणली. मोबाईल सुटेना, म्हणून आणखी दोनदा हाणली.

"मी ओरडून राह्यलो, थांब, थांब! तं म्हने, करंट लागलेला मानूस ओरडतेच, साहेबानं सांगतलं हाय!"

मी म्हणालो, "मी सावकाश दूर सारायला सांगितलं होतं. हाणायला नव्हतं."

"ते तुमी तिलेच सांगा," पंजाबराव म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "आन् साहेब, पुढच्या खेपेले लाकूड म्हनू नोका. उशी म्हना."

*

पाचच्या सुमाराला वामनकाका आले. पंचाहत्तरीचे, साधा बटणाचा फोन. आत येऊन बाकावर बसले, पाणी प्याले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय रे, मह्या फोनची केवायसी राह्यली का?"

"का हो काका?"

"गावात सगळ्याइचे फोन वाजले. माहाच नाही वाजला. मांगं रेशनले असंच झालं होतं. सगळ्याइले भेटलं, मले नाही भेटलं. मंग कळलं, केवायसी राह्यली. म्हनलं, आपन आंधीच इचारून यावं."

मी समजावलं. हा बटणाचा फोन आहे, त्यावर तो आवाज येत नाही. केवायसीचा संबंध नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे खरंच संकट आलं, तं मले कोनी सांगनार नाही?"

"तसं नाही काका..."

"तसंच हाय. सगळे पळतीन आन् मी बसून राहीन." मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "तू सांगशीन न?"

"सांगीन."

"लिहून ठेव मंग. तू लिहून ठेवते ते तू करते, असं लोक म्हनतात."

मी त्यांच्यासमोर वहीत लिहिलं. त्यांनी ते वाचून घेतलं, मग गेले.

*

दोन दिवसांत गाव सगळं विसरलं. गजानन विसरला नाही.

तो डबी ठेवेनासा झाला. परमिट घ्यायला यायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, मधे शेषराव.

"शेषराव, साहेबाले सांग, गावठाण लाईनचं परमिट पायजे."

शेषराव माझ्याकडे वळून म्हणायचा, "साहेब, गावठाणचं..."

"ऐकलं मी. त्याला सांग, देतो."

"गजाननभाऊ, साहेब देतो म्हनते."

"मी काय बहिरा हाय का बे?"

एवढ्यावर थांबलं नाही. गजानन वर चढला की शेषरावला माझ्या खोलीत बसवून ठेवायचा, हँडलवर लक्ष ठेवायला. शेषराव बिचारा खुर्चीवर अवघडून बसायचा. मी पाणी प्यायला उठलो तरी तोही अर्धा उठायचा. एकदा म्हणाला, "साहेब, तुमी लघवीले जाऊन राह्यले तं सांगून जात जा. मले उत्तर द्या लागते."

मी वाद घातला नाही. वाद घालून विश्वास परत येत नसतो. पण घरी वही उघडली की लिहायला काही सुचायचं नाही. लाइनमनचा जीव ऑपरेटरच्या शब्दावर लटकलेला असतो. तो शब्दच लटका वाटायला लागला, तर माणूस खांबावर चढेल कसा? पंधरा दिवसांत गजाननने दोनदा अर्ध्यातून उतरून लाईन तपासली होती. असं चढणारा माणूस कधीतरी पडतो. मला तीच भीती होती.

सोळाव्या दिवशी तो शेषरावला घेऊन आला. हातात कोरा कागद.

"शेषराव, साहेबाले सांग, अर्ज लिहून पायजे."

आमच्या सगळ्या स्टाफचे अर्ज मीच लिहितो. रजेचे, कर्जाचे, मुलीच्या लग्नाचे. अक्षर बरं आहे म्हणतात.

"कसला अर्ज?"

"बदलीचा. पांढरकवड्याले."

शेषराव हे मला पुन्हा सांगणार होता, मी हाताने थांबवलं. कागद ओढला. माझ्यापासून दूर जाण्याचा अर्ज, आणि तो माझ्याच हाताने! पण तो मागायला दुसऱ्या कोणाकडे गेला नाही, हेही माझ्या लक्षात आलं. मायना लिहिला. विषय लिहिला.

"कारण काय लिहू?"

गजानन पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला. "खरं ते लिहा. अमक्या दिवशी, अमक्या टायमाले, मी खांबावर असतानी झटका लागला. ऑपरेटरवर भरोसा राह्यला नाही."

"वेळ बरोबर हवी," मी म्हणालो. अर्जात अंदाजे वेळ मला चालत नाही. उठलो, कपाटातून त्या दिवसाची लॉगशीट काढली आणि टेबलावर पसरली. "बघ. अकरा अठ्ठेचाळीस."

गजानन वाकला. वेळेवर बोट ठेवलं. मग बोट पुढे सरकलं, लाल शाईवर थांबलं. तो एकेक शब्द ओठ हलवत वाचत होता.

"हे काय लिहलं?"

"लिहिलं तेच."

"तीन खेपा?"

"तीन."

"मोबाईल खनात वाजून राह्यला, आन् तुमी पॅनलचं बटन दाबून राह्यले?"

"हो."

"म्हंजे मी वर असतानी तुमी पॅनलले हात लावला होता!"

शेषराव खुर्चीतून उठून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. म्हणालो, "लावला होता. ते बटण फक्त भोंगा बंद करतं, हँडलला कुलूप होतं. पण लावला होता. म्हणून लिहिलं."

गजाननने ती लाल ओळ पुन्हा वाचली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी कळेना, हा रडतो आहे की काय. तो हसत होता! हसता हसता बाकावर बसला, टोपीने डोळे पुसले.

"शेषराव, पाह्यलं का बे? मले खांबावर फसवलं मोबाईलनं, आन् याइले पंख्याखाली खुर्चीवर फसवलं!"

"मलेई तुरीत फसवलं," शेषराव म्हणाला.

"आन् भाऊ, हे लिहलं कायले? कोनी पाह्यलं होतं का?"

"नाही. पण झालं होतं ना."

गजानन हसायचा थांबला. "ज्या मानसानं सोताची बेइज्जती लाल पेनानं लिहून खाली सही मारली," तो शेषरावला म्हणाला, "त्यानं लाईन घेतली असती, तं तेही टायमासकट लिहलं असतं."

मी अर्जाच्या कागदावर पेन धरून बसलोच होतो. "मग पुढे काय लिहू?"

"राहू द्या भाऊ. कागद मागून कोरा हाय, तुमच्या वहीले कामी पडन."

*

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका सकाळी, उपकेंद्राच्या गेटसमोरच्याच खांबावर गावठाणची तार सैल झाली. खांब माझ्या खिडकीतून पुरा दिसतो. गजानन परमिट घ्यायला आला. डबी ‘शेरा’वर ठेवली. मग खिशातून मोबाईल काढून डबीच्या शेजारी ठेवला.

"याले झटका लागते भाऊ. हा खालीच बरा."

तो चढला. लाईन बंद म्हटल्यावर गेटवर माणसं जमणारच. पंजाबराव आणि सुमनबाई बाजाराला निघालेले थांबले होते. रामधन मोटरसायकलवरून आला होता. भीमराव चक्कीवरून पीठभरल्या अंगाने आले होते. वामनकाका खांबापासून थोडे दूर, काठी टेकून उभे. शेषराव दोर धरून. सगळे मान वर करून विचारत होते, "किती टाइम लागन गजाननभाऊ?"

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी भोंगा वाजला!

चाचणीच होती, पण या वेळी ग्रुपवर कोणी काही टाकलं नव्हतं. खणातले दोन मोबाईल कोकलायला लागले. गजाननचा मोबाईल टेबलावर थरथरत पुढे सरकला आणि डबीला टक टक धडका देऊ लागला. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यावर बसून राहिलो. पॅनलकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून बाहेर पाहिलं.

शेषरावने दोर सोडला होता. भीमराव झटकन शर्ट काढायला लागले होते, मोबाईल शर्टाच्या खिशात होता म्हणून. रामधन मोटरसायकल तिथेच टाकून विहिरीच्या दिशेने पळत होता. पंजाबरावांनी मोबाईल गवतात भिरकावला होता आणि दोन्ही हात डोक्यावर धरून सुमनबाईंपासून मागे मागे सरकत होते. सुमनबाई कुंपणाची वाळकी काठी ओढत होत्या.

सगळ्या गेटवर दोनच माणसं जागची हलली नव्हती. वर गजानन, कमरेच्या पट्ट्यावर रेलून, उघडी तार मुठीत धरून. आणि खाली बटणाच्या फोनवाले वामनकाका.

काकांनी एकदा चहूकडे पाहिलं, मग मान वर केली.

"गजानना, काय झालं रे या लोकाइले?"

"खाली करंट उतरला काका!" गजानन वरून ओरडला. "वर या तुमी! इथं काहीच नाही, डबी ठेवून आलो मी!"